निरोप्याने पाणी प्यायचं नसतं

आमच्या आबांच्या सायकलला हात लावायची गावात कुणाची टाप नव्हती. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत एकच. माणूस तसा मोकळ्या हाताचा. पेरणीला बैलजोडी मागा, देतील. लग्नाला गाडी मागा, देतील आणि वर स्वतः हाकायला येतील. सायकल मागितली की मात्र त्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं. काळी, उंच, हिरव्या कॅरिअरची ती सायकल ते रोज सकाळी तेलाच्या फडक्याने पुसायचे. पुढच्या चाकाच्या आसाला एका मेलेल्या लाडक्या बैलाच्या गळ्यातलं पितळी घुंगरू बांधलेलं होतं. कुलपाची किल्ली कमरेच्या करदोट्याला असायची आणि अंघोळीलासुद्धा ती उतरायची नाही. मला याचा फार राग यायचा, कारण आमच्या घरची सायकल म्हणजे नुसता खुळखुळा होता.

दर बुधवारी आबांचा फेरा असायचा. आमचं गाव धुळ्याच्या दक्षिणेला, बोरी नदीच्या काठी. गावाच्या पश्चिमेला टेकड्यांची रांग आणि रांगेपलीकडे आग्रा रोड. आबा उजाडताच निघत. टेकड्यांना वळसा घालून लळिंगच्या पायथ्याशी बहिणीकडे चहा घेत. मग ट्रकच्या धुरात लळिंगचा घाट चढून वरच्या माळावर थोरल्या मुलीकडे जेवत, आणि ऊन कललं की खिंडीतून पुन्हा बोरीच्या खोऱ्यात उतरून धाकट्या मुलीकडे थांबत. धाकटीचं गाव खरं तर आम्हाला सगळ्यात जवळचं, नदी ओलांडली की घटकाभराची वाट. पण आबा तिच्याकडे कधी सरळ गेले नाहीत. अख्खा डोंगर फिरून शेवटी तिच्या हातचं पाणी प्यायचे आणि मग घरी यायचे. शेवटी धाकली भेटली म्हणजे पायांना घाट आठवत नाही, असं ते म्हणत. कॅरिअरला गोडीशेवेचे पुडे बांधलेले असत. घुंगरू वाजलं की तिन्ही गावांतली पोरं रस्त्यावर यायची.

या धाकटीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. माझ्याहून ती चार-पाच वर्षांनी मोठी. सायकलच्या बाबतीत अपवाद होता तो तिच्यापुरता. आबा दुपारी आडवे झाले की ती त्यांच्या करदोट्याची किल्ली अलगद सोडवायची आणि आम्ही दोघं सायकल ढकलत गावाबाहेर न्यायचो. मला सायकल तिनेच शिकवली. मी कैची मारत हेलकावे खायचो आणि ती मागून कॅरिअर धरून पळायची. "धरेल शे, धरेल शे," असं ओरडत राहायची. म्हणजे धरलंय, घाबरू नको. एकदा आवाज लांबून आल्यासारखा वाटला म्हणून मी मागे पाहिलं, तर ती कधीच मागे राहिली होती, कमरेवर हात ठेवून हसत होती. मी पाहिलं आणि थेट बाभळीत गेलो. काटे काढताना तिने मलाच झापलं, मांगे कसाले दखं, मागे पाहिलंसच कशाला म्हणून.

ऐंशी सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. मी धुळ्याच्या कॉलेजातली परीक्षा देऊन घरी आलो होतो. चैत्राचे दिवस, सकाळपासूनच वारा तापलेला. आबा ओट्याखाली सायकल पुसत होते. पुसता पुसता खाली बसले, आणि ते उठलेच नाहीत. मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन बाहेर आली तेव्हा फडकं अजून हातात होतं.

तेव्हा फोन पोस्टात होता आणि तो बहुतेक वेळा मुका असायचा. मौत सांगायला माणसंच जायची, तीही दोघं. एकट्याने जायचं नाही असा रिवाज. गल्लीतले नाना हे त्यातले जुने. पन्नाशी उलटलेली, तंबाखूने दात गेलेले, स्वतःची सायकल. पंचक्रोशीतल्या मौती त्यांनीच सांगितलेल्या, त्यामुळे त्यांना सहज म्हणून कुणाकडे जाता यायचं नाही. ते दिसले की बायांच्या छातीत धस्स व्हायचं, असं ते स्वतःच हसून सांगत. दुसरा माणूस मी ठरलो. आमचा खुळखुळा घेऊन वडील धुळ्याला कापड आणायला निघाले होते. मग मोठ्या मायने आबांच्या कमरेची किल्ली सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. ती अजून कोमट होती. इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती सायकल अशी हातात आली, आणि मला ती नको झाली.

निघताना नानांनी मला नियम ऐकवले.

"उंबरा वलांडाना नही. कोनाघर पानी पेवानं नही. गयात त्या वाटवर परत येवानं नही. अनी रडनं आयकू उनं तरी मांगे फिरीसन दखानं नही."

"पानी पिनू ते काय व्हई?" मी विचारलं.

"पानीसंगे मौत त्या घरमा उतरस," नाना म्हणाले. ते काही मला घाबरवत नव्हते. बी किती खोल पेरायचं ते सांगावं तसं सांगत होते.

मी विज्ञान शाखेचा. मनातल्या मनात हसलो. पण मोठी माय मागून आली, तिने माझं मनगट धरलं आणि हसू जागच्या जागी विरलं. अक्काचे दिवस भरत आले होते. आधीच्या वेळी सासरकडच्या एका मौतीची बातमी तिच्या कानावर अचानक पडली होती आणि सातव्या महिन्यात पोट उतरलं होतं. ती स्वतःसुद्धा कशीबशी वाचली होती.

"धाकलीले कळू दिवू नको रे भो," मोठी माय म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते नंतर आलं. "तिना सासराले वावरमा एकलाले गाठ. सांजनी एस्टी जावाना पहिले गाठ. तिले कळनं ते मी दोन्हीस्ले गमाडसू."

संध्याकाळची एसटी धुळ्याहून आमच्या गावावरून अक्काच्या गावी जायची. एसटीत बसलेल्या माणसांच्या तोंडाला कोण कुलूप लावणार? त्या आधी सासऱ्याला सावध करायचं होतं, म्हणजे तो फाट्यावर उभा राहून लोकांना गप्प करू शकला असता. हे सगळं मला समजत होतं. तरी मी बोललो, कारण मला राहवलं नाही. म्हटलं, पोरीने बापाचं तोंड शेवटचं बघायचं नाही का?

"ते पाप मना डोकावर," मोठी माय म्हणाली, आणि घरात गेली.

मग सरळ तिच्याकडेच का गेलो नाही, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं आणि मी ते नानांना म्हणालो. नाना म्हणाले, बहीण आणि थोरली लांबच्या, त्यांना माती मिळायला वेळेत पोचायचंय, त्या आधी. शिवाय गेल्या वाटेने परत यायचं नाही म्हटल्यावर फेराच घ्यावा लागणार. अशा रीतीने आम्ही आबांच्याच सायकलवर आबांचाच फेरा करायला निघालो. हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या डोक्यात ते लळिंगच्या पायथ्याशी आलं. गाव लागलं, घुंगरू छनछन करत होतं, आणि गल्लीतून चार-पाच पोरं हात पसरून धावत आली. "आबा उनात, आबा उनात!" मला पाहून ती थबकली. तेव्हा कळलं की आज बुधवार आहे. पोरांच्या मागे बहीण आली, सत्तरीची म्हातारी, कपाळावर हात धरून. तिने सायकल पाहिली, मला पाहिलं, मग नाना दिसले. बस. नानांना तोंड उघडावंच लागलं नाही. तिच्या सुनेने रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणला, नानांनी हात जोडून मान हलवली, आणि म्हातारी जिथे उभी होती तिथेच मटकन खाली बसली. आम्ही सायकली वळवल्या. मागून जो आवाज उठला तो आग्रा रोडपर्यंत आमच्या सोबत होता. मी मागे पाहिलं नाही. मानेला रग लागली, पण पाहिलं नाही.

घाटात आम्ही बहुतेक चालतच होतो. ट्रक इतके जवळून जात की त्यांचा गरम वारा तोंडावर बसायचा. कुरणातलं गवत वाळून पांढरं पडलेलं, वर किल्ल्याचा काळा कडा, आणि सगळ्या डोंगरात एक पक्षी बोलत नव्हता. सायकल ढकलताना घुंगरू संथ वाजायचं, कुणी तरी शेजारून चालत असल्यासारखं. मी एकदा नानांना म्हटलं, हे सोडून टाकू का? ते म्हणाले, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. मी म्हटलं, दुसरा आता कुठे आहे? नाना माझ्याकडे असे बघायला लागले की मी सायकल पुढे ढकलली.

थोरलीकडे त्याहून वाईट झालं. ती जेवणाचं ताट करून बसली होती. ताटावर दुसरं ताट झाकलेलं, ओट्यावर पाय धुवायला बादली. नाना हात जोडून उंबऱ्याबाहेर उभे राहिले. ती त्यांच्याकडे पाहायलाच तयार नव्हती. ती थेट रस्त्यावर आली आणि माझ्या हातातल्या सायकलचा हँडल तिने दोन्ही हातांनी धरला.

"आबानी सायकल! ओ माय व, आबानी सायकल!"

तिला सोडवायला तीन बाया लागल्या. हँडलवर तिच्या बांगडीची काच रुतून राहिली होती, ती मी नंतर नखाने काढली. गावाबाहेर येताच मी थांबलो आणि नानांना न विचारता घुंगरू तोडून पँटच्या खिशात टाकलं. या वेळी नानांनीही अडवलं नाही. आम्हा दोघांनाही एकच दिसत होतं. आज बुधवार. अक्का वाट बघत असणार. आणि आम्ही तिच्या गावात तिच्या बापाची सायकल घेऊन चाललो होतो.

नानांनी तोड काढली. खिंड उतरली की नाल्यात मी आबांची सायकल घेऊन लपून बसायचं आणि त्यांनी एकट्याने मागच्या बाजूने वावरात जाऊन सासऱ्याला गाठायचं. दोघांनी जायचा रिवाज मोडत होता, पण त्याला इलाज नव्हता. मला हायसं वाटलं. खरं सांगतो, फार हायसं वाटलं. तिच्यासमोर जायची माझी छाती नव्हती.

खिंडीतला रस्ता मुरमाचा. एका अंगाला कपार, दुसऱ्या अंगाला नाला. पळस लाल झालेले, बाकी सगळं करपलेलं. उतार लागला आणि नाना पुढे गेले. पहिल्याच वळणावर त्यांच्या मागच्या ब्रेकचा गज निसटला. मला फक्त त्यांचं धोतर दिसलं, मग धूळ, मग खडखडाट. मी पोचलो तेव्हा ते कडेच्या चारीत पडले होते. पुढच्या चाकाचा आठचा आकडा झाला होता आणि त्यांचा घोटा बघता बघता सुजत चालला होता. पाय टेकवला की तोंडातून किंकाळी यायची.

मी त्यांना कपारीच्या सावलीत बसवलं. ऊन कलायला लागलं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. सकाळपासून आम्ही दोन्ही गावच्या शिवेवरच्या नळांना लांबूनच नमस्कार केला होता, कारण वाटेतलं पाणीसुद्धा निरोप पुरा होईतो प्यायचं नाही, असं नानांचं म्हणणं.

"तूच जाय आते," नाना म्हणाले. "सायकल नालामा दडाव. तिना मव्हरे जाऊ नको. अनी पानी..."

"ठाऊक शे," मी चिडून म्हटलं.

"चिडू नको. पानी पेऊ नको. तिनं पोट शे त्या घरमा."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी एकटा खिंड उतरायला लागलो.

नाला रस्त्याला मिळतो त्याच्या बरंच आधी एक वळण आहे. त्या वळणावरून खालचं सगळं खोरं एकदम दिसतं. बोरीचं कोरडं पात्र, पलीकडे आमच्या गावची चिंच, अलीकडे अक्काच्या सासरचं गाव, आणि गावाच्या पहिल्याच घरापुढे कडुनिंबाखालचं खळं. जिथून मला खळं दिसलं, तिथूनच खळ्यातल्या माणसाला मी दिसणार हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला. निंबाखाली कुणीतरी बसलं होतं. ते उठून उभं राहिलं. कमरेला हात लावून, जड अंगाने, रस्त्याच्या कडेला आलं. हातात काहीतरी चमकत होतं. तांब्या होता तो.

आता लपलो असतो तर ते सांगण्यासारखंच होतं. बुधवारी बापाची सायकल खिंडीत दिसते आणि मधेच नाहीशी होते, याचा अर्थ तिने काय लावला असता? मी पायडल मारत राहिलो. त्या उतारावर मला सायकल एवढी जड कधी लागली नव्हती.

अक्का सुजली होती, पाय आणि तोंड दोन्ही. पण हसत होती. मी जवळ येईपर्यंत हसत होती. मग तिने माझ्या मागे, खिंडीकडे पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. रस्ता रिकामा होता.

"तू? एकलाच?"

"एकलाच. तुमना गावले काम व्हतं."

"आबानी दिन्ही सायकल? तुले?"

"दिन्ही ना," मी म्हटलं. "त्यास्ना पाय दुखी राहिना. मन्हे, तूच जाई ये."

ती सायकलकडे बघत होती. पुढच्या चाकाकडे. "घुंगरू कोठे शे?"

"तुटी गये वाटमा."

"बठ्ठा बरा शेतस ना घर?"

"बठ्ठा मजामा," सगळे मजेत असल्याचं मी ठोकून दिलं.

तिने तांब्या पुढे केला. नुसता तांब्या, पण तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही सांगू शकतो. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. ती याच मुलखातली, तिलाही सगळे नियम पाठ. निरोप्या पाणी पीत नाही हे तिला नानांइतकंच ठाऊक होतं. हात पुढे गेला नाही तर ती तिथेच पडणार होती. हात पुढे गेला तर मौत तिच्या उंबऱ्याच्या आत. विज्ञान शाखा कुठल्या कुठे गेली. मला नानांचं बोलणं खरं वाटत होतं, शब्दन् शब्द खरं वाटत होतं, आणि घसा तर जळत होता.

मी तांब्या घेतला आणि मान वर करून प्यायलो. सगळा रिकामा केला. पिताना अंग मागे झुकलं आणि खिशातलं घुंगरू वाजलं.

तिने रिकामा तांब्या माझ्याकडून घेतला, माठातून पुन्हा भरून आणला, आणि पदराचं टोक त्यात भिजवून सायकल पुसायला लागली. हँडल पुसला, घंटा पुसली, सीट पुसली. वाकता येत नव्हतं तरी एका हाताने निंब धरून खालची दांडी पुसली. मी म्हटलं, अक्का, राहू दे, फार धूळ आहे. ती म्हणाली, आबांना सायकल मळलेली चालत नाही. तिचा आवाज अगदी साधा होता. मला वाटलं, वाचलो. तिला काही कळलं नाही.

मी टांग टाकली तेव्हा तिने मागून कॅरिअर धरला. खळ्याच्या कडेपर्यंत, चार पावलं असतील नसतील, ती माझ्या मागे चालली. "धरेल शे," ती म्हणाली. "जाय तू. मांगे दखू नको." मी पाहिलं नाही. त्या दिवसभरात एवढं एकच घर असं होतं, जिथून निघताना मागे रडण्याचा आवाज उठला नाही. आणि त्याच शांततेची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

सासरा वावरात कांदे काढत होता. घरातली बाकी सगळीही तिथेच होती. मला पाहून त्याने माठाकडे हात केला. मी हात जोडून मान हलवली. तो समजला. बायांपासून बाजूला येऊन त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं.

"घरवर गयथा का? तिना हातनं पिना?"

"पिनू."

त्याने डोक्याचं फडकं काढून झटकलं. "आते जे व्हई ते व्हई," म्हणाला, आणि फाट्याकडे चालायला लागला, एसटीच्या आधी पोचायला. कपारीत बसलेल्या नानांना आणायला त्याने बैलगाडी पाठवली.

मी नदीच्या काठाने घराकडे निघालो. सूर्य टेकड्यांवर आला होता. आमच्या गावची चिंच जवळ आली, आणि तिच्या मागून, नदीच्या पात्रातून, धूर वर चढताना दिसला. माझ्यासाठी थांबले नव्हते. धूर सरळ वर गेला आणि मग अक्काच्या गावाकडे कलला. मी सायकलवरून उतरलो. दोन्ही गावांच्या मधे सगळं सपाट. आम्ही सासऱ्याला गाठलं, एसटी गाठली, सगळ्यांची तोंडं बंद केली. निंबाखालून हा धूर लख्ख दिसत असेल हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. घोटा बांधून नाना ओट्यावर बसायचे आणि मला विचारायचे, पानी नही पिना ना? मी नाही म्हणायचो. दहावं झालं, तेरावं झालं. बाया कुजबुजल्या, धाकली नही उनी. तिला तिकडे सांगितलं होतं की आबांचा पाय मुरगळलाय, फेरा बंद आहे. ती हो म्हणाली होती, असं कळलं. मी रात्री दचकून उठायचो. पोट उतरलं तर ते माझ्या घशातून उतरलेल्या पाण्यामुळे, हे मी कुणाला सांगणार होतो? कुत्रं भुंकलं की मी ओट्यावर येऊन नदीकडे बघायचो.

आणि एका सकाळी नदीच्या उतारावर मला दोन सायकली दिसल्या. दोन सायकली, दोन माणसं. पुढे अक्काचा सासरा, मागे त्याच्या गावचा कुणीतरी. गल्ली जागच्या जागी थिजली. नाना ओट्यावरून उठले. मोठ्या मायने दारात येऊन पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती तांब्या घेऊन. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं.

सासऱ्याने सायकल भिंतीला लावली. फडक्याने तोंड पुसलं, मान पुसली. मोठ्या मायने तांब्या पुढे धरला. त्याने तो घेतला, आणि आभाळाकडे तोंड करून घटाघटा प्यायला. मला नानांच्या तोंडून आलेला श्वास ऐकू आला.

"पोर व्हयनी," तो म्हणाला. "दोन्ही बऱ्या शेतस." मग दुसऱ्या माणसाने कॅरिअरवरचा गुळाचा पुडा सोडला. मोठी माय आबा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.

सवा महिन्याने अक्का मुलीला घेऊन माहेरी आली. गाडीतून उतरली, मुलगी आईच्या हातात दिली आणि घरात न जाता ओट्याखाली गेली. सायकल तिथेच उभी होती, त्या बुधवारनंतर कुणी पुसली नव्हती. तिने मला हाक मारली आणि हात पुढे केला. मी घुंगरू आणून दिलं. ते तिने आसाला बांधलं, दोन गाठी मारून. मग मी न विचारताच ती बोलली.

"सायकल खिंडमा दिसनी ना, तव्हयच मी समजी गऊ. आबा उतारवर पायडल मारत नहीत."

मी हातानेच सीटवरची धूळ पुसायला लागलो.

"पन तू पानी पिना," ती म्हणाली. "मी मनले सांगं, मौत सांगनारा पानी पेत नही. धूर दिसना तरी तेच सांगं. पोर व्हये तवलोंग तेच सांगं."

मला माझ्याच गाढवपणाचा इतका राग आला की मी म्हटलं, मग त्या दिवशी तू मला का नाही विचारलंस? ओरडली का नाहीस? एवढे दिवस एकटीने का सोसलंस?

तिने सायकलच्या कॅरिअरवर हात ठेवला. आत मोठी माय नातीशी बोलत होती, त्या आवाजाकडे तिने मानेने खूण केली.

"तुमी बठ्ठा मांगे धरीसन पळी राहिंतात," अक्का म्हणाली. "मी मांगे दखती, ते पडती."